दुसऱ्या थरावरचं भाषण

कोकंद, १७ ऑगस्ट २००८

प्रिय दव्रोनजान,

तू, तुझी बायको, मुलं, दुकान, गाडी, तुझा डावा गुडघा आणि ताश्कंदची हवा, सगळे खुशाल असाल असं धरून चालते. इथेही सगळं ठीक. आमची झेबो सासरी सुखात आहे, तिचा मोठा आता पळायला लागलाय. यंदा द्राक्षं भरपूर आली, पण आमच्याआधी गांधीलमाश्यांनी चाखली. विचारपूस करताना कुणी सुटलं असेल तर त्यांना सांग की ते दुसऱ्या पानावर होते आणि पान गहाळ झालं. तुझ्या धंद्यात हे कारण चालतं.

इतक्या दिवसांनी तुझं अक्षर पाहिलं. सुधारलेलं नाही. संस्थेत माझ्या संस्कृतच्या वर्गात नागरी गिरवायचास तेव्हा तुझा 'क्ष' खाली बसलेल्या उंटासारखा दिसायचा. रूपं पाठ नसली की मागच्या बाकावर बसून नुसते ओठ हलवायचास, आणि वर विचारलं तर म्हणायचास, "दोमला, मी म्हणत होतो, तुम्हाला ऐकू आलं नाही." पुढे संस्कृत शिकणारेच उरले नाहीत, मी कोकंदला परत आले, आणि आपण दोघांनी मिळून लग्नाच्या फिल्म करायला घेतल्या, तेव्हा 'दोमला'ची मी 'ओपा' झाले. शिक्षिकेची थोरली बहीण होणं ही बढती की घसरण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

असो. तू विचारतोस, "ओपा, दोन थरांच्या डीव्हीडी वापराव्यात का? आता सुधारल्या म्हणतात." पत्र पाठवून माणूस असलं काही विचारतो तेव्हा त्याला हवं दुसरंच असतं. ते तू शेवटी, माझ्या रक्तदाबाची चौकशी झाल्यावर, हळूच लिहिलं आहेस. त्याकडे येते. पण आधी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. आणि आमच्या शास्त्रात समोरच्याची बाजू आधी मांडायची असते, तीही त्याच्यापेक्षा चांगली.

तर तुझी बाजू. साध्या चकतीत दोन तास नीट मावतात. आपल्याकडचं लग्न दोन तासांत नुसतं पाय धुऊन आत येतं. चार तासांची फिल्म साध्या चकतीत दडपून बसवली तर पाहुण्यांच्या चेहऱ्यांचे चौकोन होतात, आणि स्वतःच्या चेहऱ्याचा चौकोन कुणालाच आवडत नाही. कापायची म्हटलं तर कुणाला कापणार? एका काकाचं भाषण गाळलं तर त्याच्या मुलाच्या लग्नाचं बोलावणं आपल्याला येत नाही. मग दोन चकत्या करा. पण दुसऱ्या चकतीवर कोण जाणार? ज्याचं भाषण दुसऱ्या चकतीवर गेलं त्याला पंगतीत दाराजवळ बसवल्यासारखं वाटतं. आठवतं ना, तो सुतारांचा व्याही? "पहिल्या चकतीत सगळे तुमचेच, आमचं माणूस कुठं आहे?" असं म्हणून पुलाव न खाता उठला होता. यावर दोन थरांची चकती हा उत्तम तोडगा. चकती एक, तास चार. कुणी पहिला नाही, कुणी दुसरा नाही. हे वाक्य तुझंच आहे. तू ते माझ्या अंगणात उभा राहून, टरबुजाची फोड हातात धरून म्हणाला होतास.

आता दुसरी बाजू. चकतीवरचा किरण आतून बाहेर वाचत जातो, कडेला पोचला की नजर खोल करतो आणि खालच्या थरावरून परत आत येतो. त्या वळणावर चित्र क्षणभर थबकतं. चकती चांगली असेल, सावकाश राइट केलेली असेल, घरातलं यंत्र नवं असेल, तर लक्षातही येत नाही. चकती बाजारातल्या ढिगातली असेल, करणारा घाईत असेल, यंत्र जुनं असेल, तर किरण कडेपर्यंत जातो आणि तिथंच राहतो. पुढचा थर असतो, पण कुणासाठीच नसतो. आमच्या शास्त्रात अशा वस्तूला वांझेचा मुलगा म्हणतात. नाव आहे, अर्थ आहे, फक्त मुलगा नाही.

म्हणून माझा निकाल असा: चांगल्या कंपनीची चकती घे, सर्वांत कमी वेगानं राइट कर, तीन-चार घरच्या यंत्रांवर शेवटपर्यंत चालवून बघ. मग खुशाल वापर. चकती वाईट नाही. चकतीच्या भरवशावर मूळ कॅसेट पुसणारा माणूस वाईट.

तुझ्या शेवटच्या परिच्छेदाबद्दल. ऑक्टोबरात तुझ्या लेकीचं, लतोफतचं, लग्न ठरलं, वाचून खरोखर आनंद झाला. तुझ्या घरात मला सगळ्यांत आवडणारं माणूस तीच. आणि हो, तुझ्या आईच्या सत्तराव्या वाढदिवसाची मेजवानी मीच चित्रित केली होती, कारण यजमान म्हणून तुला पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायचं होतं. आयनिसा-खालांनी त्यात नातीसाठी आशीर्वाद सांगून ठेवला आहे, "मी असेन-नसेन, हिच्या लग्नात दाखवा" असं म्हणून. तुझी प्रत घर बदलताना हरवली आणि खाला आता नाहीत. तेव्हा माझी प्रत तुला हवी आहे, दिवाणखान्यात मोठ्या पडद्यावर, व्याह्यांसमोर लावायला.

प्रत आहे. दोन साध्या चकत्या आहेत, हलव्याच्या पत्र्याच्या डब्यात. काल लावून बघितल्या. एका ठिकाणीही अडत नाहीत.

बाकी तुझं उत्तर आल्यावर.

तुझी ओपा,
मुहय्यो

*

कोकंद, ९ सप्टेंबर २००८

दव्रोन,

तुझं पत्र आलं. पार्सलनं पिस्तेही आले. पिस्ते चांगले होते. पत्राबद्दल तसं म्हणवत नाही.

"जे झालं ते झालं, ओपा. डिस्क खराब निघाली, त्याला आपण दोघं काय करणार?" असं लिहिलं आहेस. या वाक्यातलं 'आपण दोघं' मला विशेष आवडलं. कर्ता एकटा असताना द्विवचन वापरायचं, हे मी तुला शिकवलेलं नाही.

तू विसरला असशील, किंवा विसरल्यासारखे ओठ हलवत असशील. म्हणून क्रमानं सांगते.

झेबोच्या लग्नात मी वधूची आई होते, तेव्हा कॅमेरा तुझ्याकडे. मी म्हटलं होतं, दोन साध्या चकत्या कर आणि जेवणाच्या जागी तोड. तू म्हणालास, "ओपा, तुम्ही आज फक्त रडायचं काम करा, बाकी माझ्यावर सोडा." मी सोडलं. ही माझी चूक मानायला मी तयार नाही. शिष्यावर विश्वास टाकणं ही चूक असेल तर सगळी शास्त्रं बुडीत खाती आहेत.

त्या संध्याकाळी मीरकोमिल-अका बोलायला उभे राहिले. माझा नवरा! ज्या माणसानं दुकानात गिऱ्हाइकाला हलव्याचा भावसुद्धा बोट दाखवून सांगितला, तो हातात पियाला घेऊन दोनशे माणसांपुढे उभा राहिला, आणि मी तेव्हा आतल्या खोलीत झेबोच्या डोक्यावर ओढणी टाचत होते. बाहेर हशा झाला, मग एकदम शांतता, मग टाळ्या. मी तोंडात टाचण्या धरून विचारलं, "कोण बोलतंय?" पोरी म्हणाल्या, "तुमचे अका!" मी धावले तोवर ते खाली बसून नान मोडत होते.

घरी आल्यावर विचारलं, काय बोललात? म्हणाले, "फिल्ममध्ये आहे ना, तिथं बघ."

नंतर ज्याला त्याला विचारलं. कुणी म्हणालं, तुमच्याबद्दल काही बोलले. कुणी म्हणालं, पाकाबद्दल. नणंद म्हणाली, "वहिनी, तेवढ्यात वाजंत्रीवाले वाद्यं लावत होते, नीट ऐकू नाही आलं, पण मी रडले." नीट ऐकलं एकाच माणसानं. त्याच्या कानांवर हेडफोन होते आणि भाषणाचा माइक थेट त्यात येत होता. तो माणूस तू.

मग फिल्म बघायला सगळे जमले. पुलाव झाला, चहा झाला, चकती लागली. पाहुणे आले, वर आला, भाषणं झाली, आणि मीरकोमिल-अका उठले. हातात पियाला. तोंड उघडलं. आणि चित्र थांबलं.

थांबलं ते थांबलंच. पुढं काय झालं ते तुला ठाऊक आहे. व्याह्यांकडच्या आजोबांना वाटलं, फिल्म संपली. शेवटी वधूचा बाप उभा आहे, यापेक्षा चांगला शेवट कोणता? त्यांनी दोन्ही तळहात वर केले. त्यांनी केले म्हणून सगळ्यांनी केले. नवदांपत्याला आशीर्वाद, घराला बरकत, आमीन, आणि सगळ्यांचे हात चेहऱ्यांवरून खाली आले. आमीननंतर जेवणाच्या दस्तरखानावरून उठायचं असतं. आजोबांनी केलेल्या आमीननंतर "अहो, अजून अर्धी फिल्म आहे" असं वधूच्या आईनं म्हणायचं नसतं. मी म्हटलं नाही. मीरकोमिल-अका एवढे हसले की ठसका लागला. "मी बोलायला लागलो की यंत्रालासुद्धा झोप येते," म्हणाले. मी पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाले, "दव्रोन नीट करून देईल, मग ऐक. दोनदा बोलण्याइतकं माझ्याकडे नाही."

मी तुझ्याकडे निरोप पाठवला. तुझं उत्तर, "देतो ओपा, हा हंगाम जाऊ दे." हंगाम गेला. हिवाळ्यात मीरकोमिल-अका गेले. दुकान उघडताना, कढईपाशी, काही न बोलता. त्यांच्या स्वभावाला धरूनच.

त्यांचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी तुझ्या दुकानात आले आणि झेबोचं नाव लिहिलेली कॅसेट स्वतः यंत्रात घातली. तीत दुग्धशाळेच्या साहेबांच्या मुलीचं लग्न होतं. बायका नाचत होत्या. तू म्हणालास, "ओपा, आमीन झाल्यावर मी काम पुरं झालं असं धरलं. दुसऱ्या दिवशी त्यांचं लग्न होतं, कोरी कॅसेट नव्हती." म्हणजे तुझ्याकडे निरोप पोचला त्याआधीच ती पुसली गेली होती, आणि तू हिवाळ्यापर्यंत मला 'देतो, देतो' म्हणत होतास. आणि पुढच्या महिन्यात मोहल्ल्यात मी काय ऐकलं? की मुहय्यो-ओपांनी हट्टानं दोन थरांच्या चकत्या निवडल्या, बिचारा दव्रोन काय करणार. चकत्यांचा तो डबा तू विकत आणला होतास, दव्रोन. उरलेला डबा अजून माझ्या कपाटात आहे.

तेव्हा आता सरळ बोलते. तुला तुझ्या आईचे शब्द हवेत, ते माझ्या डब्यात आहेत. मला माझ्या नवऱ्याचे शब्द हवेत, ते तुझ्या कानात गेले आहेत. लिही. गोळाबेरीज नको, सार नको, ते बोलले तसं लिही. दोन वाक्यं असली तर दोन लिही. ती आली की साध्या चकत्या दुसऱ्या दिवशी टपालात पडतील.

आठवत नसेल तर 'आठवत नाही' असं लिही. तेही चालेल. तेवढं खरं बोललास तरी चकत्या पाठवीन. यापेक्षा स्वस्त सौदा कोकंदच्या बाजारात मिळत नाही.

मुहय्यो

*

कोकंद, ४ ऑक्टोबर २००८

दव्रोन,

तुझं पत्र पोस्टमननं हातात दिलं तेव्हा मी द्राक्षं वाळत घालत होते. हात धुतले, पुसले, चष्मा शोधला, अंगणातल्या बाजेवर बसले. पाकीट मग फोडलं. कुणी बघत नव्हतं, तरी ओढणी सारखी केली.

तू लिहिलंस, मीरकोमिल-अका म्हणाले: "माझी पत्नी माझ्या आयुष्याची पहाट आहे. तिच्या हसण्यावर माझ्या घराचे सगळे दिवे लागतात. देवानं मुलीला तिच्या आईचं अर्धं सौंदर्य दिलं, उरलेलं अर्धं माझ्यासाठी राखून ठेवलं."

मी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा, सांगायला लाज वाटते, मला खरं वाटलं. माझ्या नवऱ्यानं मला जन्मात एकदा चांगली म्हटलं होतं, तेही पाकाची तार बरोबर ओळखली म्हणून. पण म्हटलं, लेकीच्या लग्नात माणूस कधी नव्हे ते बोलून जातो.

दुसऱ्यांदा वाचताना वाटलं, हे मी आधी ऐकलंय.

त्या दिवशी तुझ्या दुकानातून निघताना ती कॅसेट मी उचलून आणली होती. तू मना केलं नाहीस. एखाद्या कोपऱ्यात, दोन नाचांच्या मध्ये, मीरकोमिल-अकांचा एखादा शब्द उरला असेल म्हणून मी ती इतक्यांदा लावली की दुग्धशाळेच्या साहेबांचं अख्खं भाषण मला पाठ झालं. आयुष्याची पहाट. घराचे दिवे. अर्धं सौंदर्य. स्वल्पविरामासकट तेच, दव्रोन.

तू मुद्दाम फसवलंस असं मी म्हणत नाही. तेवढी कल्पकता तुझ्यात असती तर परीक्षेत दिसली असती. तू मनापासून आठवून लिहिलंस, हेच भयंकर आहे. त्या आठवड्यात तू दोन लग्नं कानांनी ऐकलीस, आणि तुझ्या डोक्यातसुद्धा तू माझ्या नवऱ्यावर दुसरं लग्न भरून टाकलंस. शेवटची प्रत तिथं होती. तीही गेली. आता मीरकोमिल-अका काय बोलले हे या जगात कुणालाही ठाऊक नाही.

'आठवत नाही' हे दोन शब्द लिहायचे होते.

तरी मी शब्दाला जागते. सौदा मोडला म्हणून तुला रिकाम्या हातानं ठेवायची नाही. सोबत तुझ्या आईची फिल्म आहे. अख्खी, एका चकतीवर, दोन थरांत. तुला दोन थरांचं एवढं कुतूहल होतं, म्हणून मुद्दाम तसं केलं. चकती तू आणलेल्या त्याच डब्यातली आहे. थर कुठं बदलावा हे आता संगणकात नेमून देता येतं, ही मात्र खरंच सुधारणा आहे. खालांचा आशीर्वाद मध्याच्या जरा पुढे येतो, आणि पहिला थर थोडा मोठा झाला तर चकतीची हरकत नसते. खाला उशी सारखी करतात, लतोफतला जवळ ओढतात, दोन्ही हात वर करतात, तोंड उघडतात. तिथं.

यंत्र चांगलं असेल तर क्षणभर थबकून पुढं जाईल. मी एकाही यंत्रावर चालवून बघितलेली नाही. तूही तेव्हा बघितली नव्हतीस. अडली, तर काय होईल ते तुला माहीत आहे. ताश्कंदचे झाले तरी व्याह्यांच्या घरात एक आजोबा असतीलच. पडद्यावर आजीचे हात वर उठलेले पाहिले की त्यांचेही हात वर जातील, त्यांच्या मागून सगळ्यांचे, आणि आमीन होईल. त्यानंतर तू काही म्हणू शकणार नाहीस. वधूच्या बापानं काही म्हणायचं नसतं.

साध्या चकत्या डब्यातच राहतील. तू आलास तरी आणि रडलास तरी. त्यांची गरजही नाही म्हणा. मी जुन्या पद्धतीनं शिकलेली बाई, एकदा ऐकलेलं माझ्या डोक्यातून पुसत नाही. खालांचे शब्द मला पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ आहेत.

लतोफतनं मला स्वतः पत्र टाकून बोलावलं आहे. मी येते आहे, नवी ओढणी शिवून घेतली आहे. तिला सजवत असतील तेव्हा बायकांच्या खोलीत मी तिच्याजवळ बसेन आणि तिच्या आजीनं काय सांगून ठेवलंय ते तिच्या कानात शब्दन् शब्द सांगेन. त्या पोरीचं माझ्याशी काही वाकडं नाही. तिला सांगून झालं की तीही कुणाला सांगणार नाही, तसं मी तिच्याकडून वचन घेणार आहे. त्या आशीर्वादात एक वाक्य तुझ्याबद्दल आहे, दव्रोन. खाला ते हसत म्हणतात, मग जरा थांबतात.

मी बाहेर येईन तेव्हा तू दारात उभा असशील आणि विचारशील, ओपा, आई काय म्हणाली?

फिल्ममध्ये आहे ना. तिथं बघ.

मीरकोमिल हलवाई यांची बायको,
मुहय्यो